वयस्कांची स्मृती आणि विचारवेग: नागपुरातून संशोधनाचं करिअर कसं उभारावं

नागपुरातल्या मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. एम.ए. झालं आहे, नेटची तयारी चालू आहे. साठीपुढच्या माणसांची स्मृती, अवधान आणि विचाराचा वेग वयाबरोबर कसा बदलतो यावर पीएच.डी. करायची आहे आणि पुढेही हाच विषय धरायचा आहे. मराठीत कोणत्या चाचण्या वापराव्यात, माणसं किती लागतील, नागपुरात राहून हे जमेल का आणि यावर पोट भरेल का, असं तिने विचारलं आहे.

जमेल. बोधनिक वार्धक्याच्या, म्हणजे वयाबरोबर स्मृती आणि विचार कसे बदलतात याच्या, अभ्यासाला नागपूर फार उपयोगी शहर आहे. मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी इथे एकाच घरात ऐकू येतात. रेल्वे, एजी ऑफिस, आयुध निर्माणी, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) यांचे पेन्शनर मोठ्या संख्येने आहेत. आणि तासाभराच्या अंतरावर अशी गावं आहेत जिथे सत्तरी ओलांडलेल्या कित्येक बायका शाळेत गेलेल्याच नाहीत. इतका फरक एका जिल्ह्यात मिळणं ही संशोधकाची मोठी सोय आहे, फक्त तो फरक नीट मोजता आला पाहिजे.

बहुतेक प्रबंधांचा साचा ठरलेला असतो: वृद्धाश्रमातले साठ जण, घरी राहणारे साठ जण, एक तयार चाचणी आणि दोन सरासऱ्यांमधला फरक. पदवी मिळते. पण दोन्ही गटांचं शिक्षण, आजार, ऐकू येणं, मनाची अवस्था वेगवेगळी असल्यामुळे फरक कशाने आला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या कामावर पुढचं काम रचता येत नाही. या विषयातलं करिअर दोन गोष्टींवर उभं राहतं: इथल्या माणसांवर विश्वासाने वापरता येईल अशी मोजपट्टी, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा ज्यांच्या दारात जाता येईल अशी माणसं. पीएच.डी. ही त्या मालिकेतली पहिली फेरी समजा. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

प्रवेशाचं थोडक्यात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफचे, म्हणजे पुढच्या टप्प्याचे, ४२,००० रुपये मिळतात (हे २०२३ पासूनचे दर), वर घरभाडं वेगळं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. जेआरएफसाठी एक वर्ष जादा थांबावं लागलं तरी थांबा. गावोगाव फिरण्याचं काम फेलोशिपशिवाय फार ओढाताणीचं होतं आणि त्याचा पहिला फटका नमुन्याला बसतो: पैसे संपले की माणसं ओळखीपाळखीतलीच घेतली जातात.

मार्गदर्शक दोन असावेत. एक विद्यापीठातले, चाचणीशास्त्र जाणणारे. दुसरे वैद्यकीय संस्थेतले, म्हणजे न्यूरॉलॉजी, मानसोपचार किंवा सामुदायिक वैद्यकशास्त्राचे सह-मार्गदर्शक. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स शहरातच आहेत. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि गावपातळीवरच्या कामाची तिथे जुनी परंपरा आहे. दुसऱ्या मार्गदर्शकाचा उपयोग तीन ठिकाणी होतो: नोंदणीकृत नीतिसमितीकडून (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडून) मंजुरी, रक्ततपासणीची सोय, आणि चाचणीत गंभीर अडचण दिसलेल्या माणसाला पाठवायला एक निश्चित दार.

आता मुख्य अडचण. आजची साठीतली आणि ऐंशीतली माणसं एकाच वेळी तपासून ‘वीस वर्षांत स्मृती इतकी घटते’ असं लिहिणं चूक आहे. ऐंशीतल्या बाईचं बालपण १९५० च्या दशकात गेलं. तिची शाळा, तिचा आहार, बाळंतपणं, घराबाहेर पडण्याची मोकळीक हे सगळं साठीतल्या बाईपेक्षा वेगळं होतं. दोघींमधल्या फरकात वय किती आणि पिढी किती, हे एका फेरीत वेगळं करता येत नाही. मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिअॅटलला सुरू केलेल्या अभ्यासाने हेच दाखवलं: एका वेळच्या तुलनेत घसरण तिशीपासूनच दिसत होती, पण त्याच माणसांना दर सात वर्षांनी तपासलं तेव्हा बहुतेक क्षमतांमधली ठळक घसरण साठीच्या आसपास किंवा नंतर आढळली. दुसरे मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांचं म्हणणं याच्या विरोधात आहे. पुन्हा तपासताना सरावाने गुण वाढतात आणि त्यामुळे खरी घसरण झाकली जाते, असं ते मांडतात. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तो बारकाईने आला पाहिजे, कारण तुमची रचना या दोन्ही आक्षेपांना उत्तर देणारी हवी.

विषय अरुंद निवडा. ‘वृद्धांची बोधनिक क्षमता’ हा विषय होत नाही. ‘शाळेची वर्षं शून्य ते चार असलेल्या साठीपुढच्या स्त्रियांमध्ये शब्दयादीचं विलंबित स्मरण आणि ऐकू येण्याची पातळी यांचा संबंध’ हा विषय होतो. द्विभाषिकतेचा विषय नागपुरात अनेकांना खुणावतो. न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हैदराबादच्या ६४८ रुग्णांवरून दाखवलं की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली, आणि न शिकलेल्यांमध्येही हा फरक दिसला. पण नागपुरात फक्त एकच भाषा येणारा शहरी गट जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे इथे ‘द्विभाषिक विरुद्ध एकभाषिक’ अशी तुलना मांडू नका. कोणती भाषा कुणाशी, दिवसातून किती, कोणत्या वयापासून, अशी वापराची मात्रा मोजा.

चाचण्यांकडे येऊ. एमएमएसई ही स्मृती, भान, भाषा झटपट तपासणारी १९७५ ची ३० गुणांची चाचणी सगळीकडे दिसते, पण तिच्यावर स्वामित्वहक्क आहे, आणि वाचणं, वाक्य लिहिणं, शंभरातून सात-सात वजा करणं हे शाळेत न गेलेल्या माणसाला अन्यायाचं आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या, बहुतांश निरक्षर ज्येष्ठांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी तिचं हिंदी रूप तयार केलं, ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी तपासणाऱ्याकडे पाहून तसंच करायला सांगतात. मराठीत काम करणाऱ्याने हे रूप आधी नीट अभ्यासावं. भाषांतर आणि रूपांतर यांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो. मोका ही तशीच दुसरी चाचणी सौम्य घट पकडायला अधिक बारीक आहे, पण ती वापरण्याआधी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्यांना तीत एक गुण वाढवून देतात. हा एक गुण चौथी शिकलेल्या माणसाची उणीव भरून काढू शकत नाही. कमी शिकलेल्यांसाठी मोका-बेसिक वेगळी आहे, ती पाहा.

या सगळ्या छाननीच्या चाचण्या आहेत. त्यांच्यावर प्रबंध उभा करू नका. धरमपेठेतले निवृत्त प्राध्यापक एमएमएसईत २९-३० वर जाऊन अडकतात आणि त्यांच्यातला फरक दिसतच नाही. उमरेडकडच्या गावातली शेतमजूर आजी तळाशी अडकते आणि तिच्यातली क्षमता दिसत नाही. दोन्ही टोकांना मोजपट्टी संपते. मुख्य मापनासाठी चार क्षमतांची छोटी बॅटरी (चाचण्यांचा संच) करा: शब्दयादीचं तात्काळ आणि विलंबित स्मरण, अंकमालिका सरळ आणि उलट, एका मिनिटात प्राण्यांची नावं, आणि वेग मोजणारी, अक्षरओळख न लागणारी एक चाचणी. पीजीआय स्मृती मापनी आणि बंगळुरूच्या निम्हान्सची बॅटरी भारतीय आहेत. त्यांची मानके (तुलनेसाठीचे नेहमीचे गुण) कोणत्या वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांवर काढली आहेत ते मॅन्युअलमध्ये पाहून मगच वापरा. आयसीएमआरचा न्यूरोकॉग्निटिव्ह टूलबॉक्स हा चाचण्यांचा संच आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाला. मराठीत, त्यातही विदर्भाच्या बोलीत आणि कमी शिकलेल्या ज्येष्ठांवर, काळजीपूर्वक काढलेली मानके देणं हे आजही मोठं योगदान आहे. ‘नुसती मानकेच काढली’ असं म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पुढच्या वीस वर्षांत तुमचा सर्वांत जास्त वापरला जाणारा पेपर कदाचित हाच असेल.

रूपांतराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यातली एकही गाळता येत नाही. मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी. दोघांनी स्वतंत्र केलेली मराठी रूपं आणि त्यांचा मेळ. मूळ चाचणी न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट भाषांतर. तज्ज्ञांची बैठक. मग आठ-दहा ज्येष्ठांना प्रत्येक सूचना ऐकवून ‘तुम्हाला काय करायला सांगितलं?’ असं विचारणं. बहुतेक घोटाळे याच पायरीवर पकडले जातात. त्यानंतर ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी, आणि साधारण तेवढ्याच लोकांवर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन विश्वसनीयता. शब्दयादीतले शब्द नुसते भाषांतरित करून चालत नाहीत. ते ऐकायला सारख्या लांबीचे, रोजच्या वापरातले, डोळ्यांसमोर चित्र उभं राहणारे आणि एकमेकांशी यमक न जुळणारे हवेत, आणि पुण्याइतकेच काटोल-नरखेडकडेही बोलले जाणारे हवेत. तुमची यादी समाजमाध्यमांवर किंवा सादरीकरणात टाकू नका. एकदा फिरली की चाचणी वाया गेली.

गुण देण्याचे नियम आधी लिहून ठेवा. ‘आज तारीख काय?’ यावर आजी ‘आज एकादशी’ म्हणाली आणि ते बरोबर असेल तर गुण द्यायचा का? इंग्रजी महिन्याऐवजी चैत्र-वैशाख सांगितलं तर? गाय, बैल, वासरू हे तीन प्राणी धरायचे की एक? शहाऐंशी म्हणण्याऐवजी छियासी असं हिंदीत सांगितलं तर? यातलं कोणतंही उत्तर ठरवता येतं, पण ते पहिल्या माणसाआधी ठरलेलं असावं आणि उत्तर जसंच्या तसं नोंदलेलं असावं, म्हणजे नियम बदलावा लागला तर पुन्हा गुण देता येतात. अक्षरावरून शब्द सांगण्याची चाचणी कमी शिकलेल्यांना देऊ नका. ज्याला ‘क’ अक्षर म्हणून कधी शिकवलंच नाही, त्याचं कार्यकारी नियंत्रण (विचारांवर ताबा ठेवून काम करण्याची क्षमता) तिच्यातून मोजलं जात नाही, त्याची शाळा मोजली जाते.

नोंदीतले संकेतही इथेच ठरवा. चुकीचं उत्तर म्हणजे ०. ‘नाही करत’ म्हणून नकार दिला तर ९७. दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा हात चालत नाही म्हणून झालं नाही तर ९८. वेळ संपला किंवा पाहुणे आले तर ९९. या चारांना सरसकट शून्य धरल्यामुळे किती तरी अभ्यासांत मोतीबिंदूचे रुग्ण विसराळू ठरलेले आहेत.

कान आणि डोळे चाचणीच्या आधी तपासा, नंतर नाही. पिशवीत +१.५० ते +३.०० चे वाचनाचे तयार चष्मे आणि जवळच्या नजरेचा तक्ता ठेवा. श्रवणासाठी निदान ५०० ते ४००० हर्ट्झची साधी चाचणी करा. शब्दयादी सुरू करण्याआधी दोन-तीन सुटे शब्द परत म्हणून घ्या. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे जे १४ बदलता येण्याजोगे धोके मांडले त्यांत श्रवणदोष आणि न सुधारलेली नजर दोन्ही आहेत, म्हणजे ही माहिती तुमच्या विश्लेषणातही लागणार आहे. नैराश्यासाठी जीडीएस-१५ ही १५ प्रश्नांची प्रश्नावली वाचून विचारा, आणि ते प्रश्न मुलासुनेसमोर विचारू नका. समोर कुणी असलं की उत्तर ‘बरं आहे जी, सगळं बरं आहे’ असंच येतं. औषधांची नावं विचारण्याऐवजी गोळ्यांची पिशवीच मागा. अमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल, लघवीसाठीची ऑक्सीब्युटिनिन यांसारखी औषधं स्मृतीवर परिणाम करतात आणि घरच्यांना ती ‘झोपेची’ किंवा ‘हातपाय थरथरतात त्याची’ गोळी म्हणून माहीत असतात. शक्य असल्यास हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीए१सी (साखरेसाठी) या तपासण्या करून घ्या. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे आणि त्या आजारात मेंदूत न जाणवणारे छोटे आघात होऊ शकतात, म्हणून कौटुंबिक इतिहासात तो प्रश्न अवश्य ठेवा.

वय हाच तुमचा मुख्य चल (ज्यावर सगळं विश्लेषण उभं आहे तो आकडा) आहे, आणि ज्येष्ठांच्या कागदांवर तो सर्वांत कमी भरवशाचा असतो. आधारवर १ जानेवारी दिसली तर बहुधा तिथे नुसतं सांगितलेलं वय नोंदलं गेलं आहे. जुन्या शाळेच्या दाखल्यावरची १ जुलैही अंदाजाचीच असू शकते. तोंडी वय साठ, पासष्ट, सत्तर अशा गोल आकड्यांवर गोळा होतं. यावर उपाय म्हणजे घटनांची दिनदर्शिका. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली तेव्हा तुम्ही केवढे होता, हे नागपुरातल्या खूप लोकांना नेमकं सांगता येतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा कितवीत होता, १९७१ च्या लढाईच्या वेळी लग्न झालेलं होतं का, बहात्तरच्या दुष्काळात थोरला मुलगा चालत होता का. दोन-तीन घटनांवरून काढलेलं वय आणि कागदावरचं वय दोन्ही नोंदवा. दोन वर्षांपेक्षा जास्त फरक असेल तर तशी खूण करा आणि विश्लेषण दोन्ही आकड्यांनी करून पाहा.

शिक्षणाचंही तसंच. ‘किती शिकलात?’ एवढ्यावर थांबू नका. शाळेची वर्षं, शेवटची पास झालेली इयत्ता, आणि आज काय येतं हे तीन वेगळे रकाने ठेवा. सातवी फायनल झालेले काकाजी हिशेबात पदवीधराला मागे टाकतात, आणि कधी शाळेत न गेलेली बाई भजनी मंडळात राहून पोथी वाचायला शिकलेली असते. वर्तमानपत्रातल्या तीन ओळी वाचायला देऊन ‘अडखळत, सरळ, नाही’ अशी नोंद करायला अर्धं मिनिट लागतं आणि ती शाळेच्या वर्षांइतकीच, कधी त्याहून जास्त, उपयोगी पडते.

आता माणसं किती. ०.२० इतका, म्हणजे लहानसा, सहसंबंध ८० टक्के शक्तीने (तो खरोखर असेल तर सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायला सुमारे १९४ जण लागतात. समजा दर फेरीला १५ टक्के गळती धरली आणि तीन फेऱ्या केल्या: ३०० ने सुरुवात केली तर दुसऱ्या फेरीला २५५, तिसरीला साधारण २१७ उरतात. म्हणून ३०० हा आकडा धरा. आता वेळ मोजा. एका घरी जाणं, येणं आणि तपासणी मिळून अडीच तास. दिवसाला दोनच माणसं, कारण सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा हेच वेळ कामाचे. जेवणानंतर ज्येष्ठांना झापड येते. आठवड्याला दहा, म्हणजे ३० आठवडे. लग्नं, सणवार, आजारपण, ‘आज नको, उद्या या’ यांचे आणखी आठ-दहा. आणि हंगाम आहे फक्त ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. तेव्हा दोन हंगाम लागतील, किंवा नीट शिकवलेला दुसरा तपासनीस लागेल.

हंगामाचा आग्रह का? एप्रिलच्या मध्यापासून नागपुरात घराघरांत कूलर चालू असतो. त्याच्या आवाजात शब्दयादी अर्धी ऐकू येते, आणि बंद करायला सांगितलं तर पाच मिनिटांत घामाने माणूस हैराण होतो. पारा ४५ च्या वर गेलेला असताना आणि शरीरात पाणी कमी असताना घेतलेले गुण त्या माणसाचे नेहमीचे गुण नसतात. पुढची फेरीही त्याच महिन्यात आणि दिवसाच्या त्याच वेळी घ्या, नाहीतर ऋतूतला फरक तुम्ही वयाच्या खात्यावर लिहाल.

तपासणी एका बैठकीत ६० ते ७५ मिनिटांपेक्षा लांबवू नका. शब्दयादी आणि तिचं विलंबित स्मरण यांत २० ते ३० मिनिटांचं अंतर असतं. त्या वेळात चित्रं, आकृत्या, रक्तदाब असं बिनशब्दांचं काम ठेवा, प्राण्यांची नावं विचारू नका, ते शब्द यादीत मिसळतात. घरचे लोक प्रेमाने मदत करतात. ‘बाबा, आत्ताच तर सांगितलं नं त्यांनी!’ असं एकदा झालं की ती चाचणी बाद. रागावून उपयोग नाही. दोघांनी जा: एकाने आत ज्येष्ठांची चाचणी घ्यावी, दुसऱ्याने ओसरीवर सुनेची किंवा मुलाची मुलाखत घ्यावी. घरातल्यांकडून रोजच्या व्यवहाराची माहिती तुम्हाला लागणारच असते: पैशांचा हिशेब, औषधं वेळेवर घेणं, ओळखीच्या रस्त्याने परत येणं. दोन्ही कामं साधतात.

नमुना फक्त सकाळी अंबाझरीला फिरायला येणाऱ्यांचा आणि ज्येष्ठ नागरिक मंडळांचा घेतला तर तो सुदृढ, शिकलेल्या, मिळून-मिसळून राहणाऱ्या लोकांचाच होतो. महाल, इतवारी, इंदोरा, जरीपटका, पारडी अशा वेगवेगळ्या वस्त्या आणि दोन-तीन गावं निवडा, आणि मतदारयादीतून घरं काढा. यादीतलं घर नाकारलं तर शेजारचं घेऊ नका. नकाराचं कारण लिहा आणि यादीतल्या पुढच्या घरी जा.

दुसऱ्या फेरीत दोन संकटं असतात. पहिलं म्हणजे सराव. माणूस दुसऱ्यांदा बसतो तेव्हा गुण सहसा वाढतात, आणि ही वाढ पहिल्या व दुसऱ्या फेरीमध्येच सर्वांत जास्त असते. म्हणून समतुल्य शब्दयाद्या सुरुवातीलाच तयार ठेवा, आणि दुसऱ्या फेरीत त्याच वयाची काही नवी माणसं पहिल्यांदा तपासा. जुन्या आणि नव्यांमधल्या फरकावरून सरावाचा अंदाज येतो. दुसरं म्हणजे गळती. सोडून जाणारे सहसा अधिक वयाचे, अधिक आजारी आणि कमी गुणांचे असतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसते. प्रत्येक सहभागीसाठी वेगवेगळ्या घरांतले दोन संपर्क घ्या. एक पुण्यात किंवा बंगळुरूला असलेला मुलगा-मुलगी हवाच, कारण ज्येष्ठ तिकडेच राहायला जातात. मधल्या काळात दिवाळीला आणि पोळ्याला एक फोन करा. मृत्यू, स्थलांतर, नकार यांची वेगवेगळी नोंद ठेवा. विश्लेषण मिश्र-परिणाम प्रतिमानांनी (एकाच माणसाच्या अनेक फेऱ्या एकत्र हाताळणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) करा. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि अर्धवट फेऱ्या झालेल्यांची माहितीही त्यात वापरता येते.

संमतीबद्दल आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना घरचा किंवा तुमच्या गटातला नसलेला साक्षीदार हवा. ज्याला संमतीचा अर्थ समजत नाही त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, आणि तरीही त्या माणसाने मान फिरवली तर थांबायचं. पत्रकात ‘पुन्हा संपर्क करू’ आणि ‘नाव काढून माहिती इतर संशोधकांना देऊ’ या दोन वाक्यांसाठी वेगवेगळी सही घ्या. पहिलं वाक्य विसरलं तर दुसरी फेरीच होत नाही.

लासी हा वाढत्या वयाचा राष्ट्रीय अभ्यास आहे; त्याच्या स्मृतिभ्रंशावरच्या लासी-डॅड या भागात साठीपुढच्या ४,०९६ जणांच्या तपासणीवरून स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के काढलं आहे. तोच अंदाज लावला तर तुमच्या ३०० मध्ये वीस-बावीस जण असे असू शकतात. निदान करण्याचा अधिकार तुम्हाला नाही; नैदानिक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. घरच्यांना गुण सांगू नका, ‘डिमेन्शिया’ हा शब्द काढू नका. ‘एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या’ असं सांगून सह-मार्गदर्शकांच्या ओपीडीची चिठ्ठी द्या. बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता निघाली तर तो अहवाल त्याच आठवड्यात घरी पोचवा. छळाची किंवा एकाकीपणाची तक्रार कानावर आली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

पोटापाण्याचं स्पष्टच सांगायला हवं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, पण महाराष्ट्रात कायम जागा क्वचित निघतात आणि अनेक जण वर्षानुवर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतात. तासिका शिकवून उरलेल्या वेळात ३०० घरं फिरणं शक्य नसतं. म्हणून पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षं मोठ्या अभ्यासात प्रकल्प-सहकारी किंवा पोस्ट-डॉक म्हणून काढा: निम्हान्स, भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, एम्स. हजारोंचा समूह कसा सांभाळतात हे तिथे शिकता येतं. मराठी येणारा, चाचण्या शुद्ध घेणारा आणि आकडेवारी स्वतः करणारा माणूस अशा गटांना हवाच असतो. निधीसाठी आयसीएमआर, आयसीएसएसआर आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची कॉग्निटिव्ह सायन्स योजना यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

उन्हाळा वाया घालवू नका. लासीच्या पहिल्या फेरीची (२०१७-१८) ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती मुंबईच्या आयआयपीएसकडे (लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेकडे) अर्ज करून विनामूल्य मिळते. तीत ४५ वर्षांपुढचे लोक आहेत, दहा शब्दांचं स्मरण आहे आणि महाराष्ट्रही आहे. पहिला पेपर त्यावरून करा, दुसरा तुमच्या मराठी रूपांतराचा, तिसरा पहिल्या फेरीचा. पैसे भरा आणि आठवड्यात छापा, असं सांगणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. निवड समितीपुढे असे पेपर उलट प्रश्न ओढवून घेतात.

एक बाब फार उशिरा लक्षात येते: संस्था बदलली की माणसांची यादी कुणाची? नावं-पत्ते संस्थेच्या ताब्यात असतात आणि नीतिसमितीची मंजुरीही त्याच संस्थेपुरती असते. तेव्हा पहिल्याच प्रस्तावात, नीतिसमितीच्या अर्जात आणि दोन संस्थांमधल्या करारात लिहून घ्या की मुख्य संशोधक दुसरीकडे गेल्यास नव्या संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीने त्याच सहभागींशी संपर्क चालू ठेवता येईल, नावांची यादी आणि चाचणीची माहिती वेगवेगळ्या कुलपात राहील, आणि दोन्हींची किल्ली कुणाकडे असेल. हा परिच्छेद सह-मार्गदर्शकांना दाखवून, त्यावर सही घेऊन मगच पहिल्या घराची बेल वाजवा.